निवृत्तीच्या तोंडावर गृहकर्ज लवकर फेडणं: आकडे, अर्ज आणि गोव्यातली कागदपत्रं

मानकुराद:
पन्नाशी-साठीत गृहकर्ज बाकी असलेल्यांचे प्रश्न इथे पाच-सहा धाग्यांत विखुरले आहेत. उत्तरं बहुतेक वेळा "फेडून मोकळे व्हा" किंवा "राहू द्या, स्वस्त कर्ज आहे" एवढ्यावरच थांबतात. म्हणून एकच उदाहरण घेऊन सगळं त्यावर बसवून पाहू.

वय ५८, निवृत्ती ६० ला. शिल्लक मुद्दल १८ लाख, तरता (बाजाराप्रमाणे बदलणारा) दर ८.५ टक्के, उरलेली मुदत १०८ महिने, हप्ता ₹२३,९०३. काहीच केलं नाही तर कर्ज ६७ व्या वर्षी संपेल आणि इथून पुढे व्याजापोटी सुमारे ७ लाख ८१ हजार जातील. निवृत्तीच्या दिवशी साधारण १५ लाख ९ हजार बाकी असतील. आजच्या हप्त्यातले १२,७५० व्याजात जातात, मुद्दलात पडतात ११,१५३.

आता ५ लाख हाताशी आहेत आणि ते कर्जात भरले असं धरा. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर १०८ चे ६९ महिने होतात आणि व्याज जवळपास ४ लाख ३४ हजारांनी वाचतं. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर तो ₹१७,२६३ वर येतो आणि व्याज वाचतं सुमारे २ लाख १७ हजार. बँकेत काहीच सांगितलं नाही तर यातलं काय होईल ते तिथल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतं, त्यामुळे लेखी सांगणं भाग आहे.

सुरंगी:
पैसे भरण्याआधी एक काम करायला हवं. तुमचं कर्ज कोणत्या दराला जोडलं आहे ते पाहा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरती गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलतात. त्याआधीची कर्जं अनेकांनी बदलूनच घेतलेली नाहीत. ती अजून एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या दरांवर, चालतात. त्याच बँकेत रेपोशी जोडलेल्या दरावर जायला एक अर्ज आणि ठरावीक शुल्क लागतं. मालमत्तेचे कागद पुन्हा द्यावे लागत नाहीत. दर पाऊण-एक टक्क्याने उतरला तर ५ लाख भरायचे की नाही हा हिशेबच नव्याने मांडावा लागतो.

दुसरं म्हणजे उरलेली मुदत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. तेव्हा हप्ता न वाढवता मुदत लांबवली गेल्यामुळे पुष्कळ कर्जं कर्जदाराला न कळता निवृत्तीच्या पलीकडे गेली. १८ ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे निवडण्याचा अधिकार कर्जदाराला आहे. दर तिमाहीला मिळणाऱ्या विवरणात वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असायला हवा. ते विवरण मागून घ्या आणि उरलेल्या हप्त्यांचा आकडा आपल्या वयात मिळवून पाहा.

खतावणी:
मानकुरादबाबांचे आकडे बरोबर आहेत, पण ४ लाख ३४ हजार आणि २ लाख १७ हजार यांची तुलना सरळ नाही. दुसऱ्या वाटेत दर महिन्याला ₹६,६४० हातात राहतात. तेच पैसे पुन्हा मुद्दलात भरत गेलात तर दोन्ही वाटा जवळपास एकाच ठिकाणी पोचतात. फरक आहे तो शिस्तीचा आणि लवचीकतेचा. म्हणून नोकरी चालू असेपर्यंत मुदत कमी करा. निवृत्तीला सहा महिने उरले की शिल्लक पाहून, गरज असेल तर शेवटचा मोठा भरणा "हप्ता कमी करा" असं लिहून करा. पगार असताना मोठा हप्ता सोसतो, पेन्शनवर सोसत नाही.

याच उदाहरणात ५ लाख आज भरले तर निवृत्तीच्या दिवशी बाकी १५.०९ लाखांऐवजी ९ लाख १७ हजार असते. शिवाय २४ महिने दरमहा ५,००० जादा भरले तर ती ७ लाख ८७ हजारांवर येते.

जांभा:
मग उरलेले पावणेआठ-आठ लाख ग्रॅच्युइटीतून फेडायचे आणि विषय संपवायचा. सरकारी नोकर असाल तर पेन्शनचं कम्युटेशनही, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं, हाताशी आहेच. कर्ज डोक्यावर घेऊन साठी ओलांडू नये असं माझं ठाम मत आहे.

खतावणी:
जांभाबाब, ग्रॅच्युइटीबद्दल काही अंशी सहमत, कम्युटेशनबद्दल नाही. गणित करून पाहा.

केंद्राच्या नियमांनुसार पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो. ६० ला निवृत्त होणाऱ्याला पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा, म्हणजे ६१ चा, गुणक लागतो: ८.१९४. दरमहा १०,००० विकले तर १०,००० × १२ × ८.१९४, म्हणजे ₹९,८३,२८० मिळतात. त्याबदल्यात १५ वर्षं दरमहा १०,००० कमी मिळतात, एकूण १८ लाख. हे ९ टक्क्यांच्या जरा वरच्या दराने घेतलेलं कर्जच झालं. ८.५ चं कर्ज फेडायला ९ चं कर्ज काढण्यात अर्थ नाही.

कम्युटेशनच्या बाजूने तीन गोष्टी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. ती रक्कम सरकारी कर्मचाऱ्याला करमुक्त असते, तर सोडलेल्या पेन्शनवर कर लागला असता. त्यामुळे वरच्या करटप्प्यातल्या माणसाला प्रत्यक्ष दर कमी पडतो. महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवरच मोजतात. आणि पेन्शनर १५ वर्षांच्या आत गेला तर कुटुंब निवृत्तिवेतनातून काही कापलं जात नाही. त्यामुळे निर्णय करटप्पा आणि तब्येत पाहून घ्यावा. कर्ज आहे म्हणून आपोआप ४० टक्के विकू नयेत. निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, तेव्हा घाईही नाही.

सुरंगी:
ग्रॅच्युइटी सगळी कर्जात घालण्याआधी निदान वर्षभराचा घरखर्च आणि एका मोठ्या आजारपणाचा खर्च बाजूला काढा. घरात घातलेला पैसा साठीनंतर पटकन बाहेर निघत नाही. कर्ज फेडल्यावर सहा महिन्यांनी बायपासची वेळ आली तर त्याच घरावर पुन्हा कर्ज मागायला जावं लागतं आणि ६१ व्या वर्षी, फक्त पेन्शनवर, ते मिळणं कठीण असतं. मिळालं तरी मुदत तोकडी आणि दर गृहकर्जाहून जास्त.

ज्यांचं कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं आहे त्यांना हा प्रश्न पुष्कळ सोपा. जादा पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज थांबतं आणि गरज पडली तर ते काढता येतात. फक्त काढण्याची मर्यादा महिन्यागणिक उतरत जाते, हे लक्षात ठेवा. मुदत संपत आली की मर्यादाही शून्याकडे जाते.

मानकुराद:
ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के मिळतात, मग ८.५ चं कर्ज का फेडायचं, असं नेहमी विचारलं जातं. खतावणीबाबांनी तेही मांडावं.

खतावणी:
त्या योजनेची कमाल मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षं, व्याज तिमाहीला. व्याज करपात्र आहे. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून हाती साडेसहा टक्केच उरतात. तिथे कर्ज फेडणं सरळ फायद्याचं. पण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. बहुतेक पेन्शनर त्यात बसतात. त्यांच्यासाठी ८.२ विरुद्ध ८.५, म्हणजे लाखामागे वर्षाला ३०० रुपयांचा फरक. एवढ्यासाठी हातातली रोकड घालवायची का, हा प्रश्न उरतो. माझं मत: राखीव रक्कम आधी या योजनेत, त्यावरचं कर्जात. योजनेतून मुदतीआधी पैसे काढले तर एक ते दोन वर्षांत दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात. वर्षाच्या आत काढले तर व्याजच मिळत नाही.

जुन्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंत वजावट आहे. या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे १ लाख ४८ हजार. २० टक्के टप्प्यात कर्जाचा खरा दर पावणेसातच्या आसपास येतो. नव्या प्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही. आधी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते पाहावं, मग दर मोजावा. भविष्य निर्वाह निधीला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के मिळाले. नोकरीत असताना तो मोडून कर्जात घालण्यात जवळपास काहीच कमाई नाही.

जांभा:
पटलं. मुदत ठेव मोडण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. ७ टक्क्यांची ठेव, त्यावर कर, आणि शेजारी ८.५ चं कर्ज, हे वर्षानुवर्षं चालू ठेवणारी घरं प्रत्येक गावात आहेत.

तिळारी:
प्रीपेमेंटवर दंड लागतो का? पतसंस्थेचं कर्ज आहे.

सुरंगी:
बँका आणि गृहवित्त कंपन्या तरत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून दंड घेऊ शकत नाहीत. बँकांसाठी हे २०१२ पासून आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश लागू आहेत. पैसे कुठून आणले याला महत्त्व नाही, आणि "पहिली अमुक वर्षं भरता येणार नाही" अशी अटही घालता येत नाही. सहकारी बँकाही त्यात आल्या. पहिली काही वर्षं स्थिर आणि नंतर तरता असा मिश्र दर असेल तर भरणा करताना कोणता दर चालू आहे ते पाहतात. पूर्ण स्थिर दराच्या कर्जावर करारात लिहिलेलं शुल्क लागू शकतं.

पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत. तिथे कर्जरोखा आणि पोटनियम वाचावे लागतील. तक्रार सहकार निबंधकांकडे जाते.

मानकुराद:
आता प्रत्यक्ष भरणा. इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात.

नेट बँकिंगवरून नुसते पैसे कर्जखात्यात टाकले तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहतात. मुद्दल कमी होत नाही आणि व्याज पूर्वीसारखंच चालू राहतं. म्हणून शाखेत अर्ज द्या: "सोबतचे ₹५,००,००० मुद्दलात जमा करावेत, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी व नवं परतफेड वेळापत्रक द्यावं." पोच घ्या. दोन-तीन दिवसांनी खात्याचा उतारा काढून मुद्दलातून पूर्ण ५ लाख गेले का ते पाहा.

तारीखही पाहा. १८ लाखांवर ८.५ टक्क्यांनी दिवसाचं व्याज ₹४१९, ५ लाखांवर ₹११६. व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजत असतील तर आज भरलं की आजपासून फायदा. महिन्याच्या शिल्लकेवर मोजत असतील तर महिनाअखेरीच्या आत भरा, नाहीतर पूर्ण महिना जातो.

पूर्ण कर्ज बंद करताना फोरक्लोजर लेटर मागा. त्यात मुद्दल, अमुक तारखेपर्यंतचं व्याज, पुढचं रोजचं व्याज आणि इतर येणी वेगवेगळी दाखवलेली असावीत. इतर येण्यांत जुन्या परत गेलेल्या हप्त्याचा दंड, तपासणी शुल्क अशी नावं सापडतात. प्रत्येकाचा आधार विचारा. हप्ता ५ तारखेला जात असेल तर तो गेल्यावर ८ ते २० च्या दरम्यान खातं बंद करा. महिनाअखेरीस बंद केलं तर पुढच्या हप्त्याची मागणी आधीच निघालेली असते, तो कापला जातो आणि परताव्यासाठी खेपा पडतात. खातं शून्य झालं की खात्यातून आपोआप हप्ता जाण्याचा आदेश लेखी रद्द करा.

सुरंगी:
आणि कागद! कर्ज फिटलं म्हणून पेढे वाटून झाले तरी मूळ विक्रीखत बँकेच्या तिजोरीत असेल तर काम अर्धंच झालं आहे. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा: पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत सगळे मूळ दस्तऐवज परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा. उशीर संस्थेमुळे झाला तर दिवसाला ₹५,००० भरपाई. कागद हरवले किंवा खराब झाले तर प्रमाणित प्रती मिळवून द्यायची मदत आणि खर्च संस्थेचा; त्यासाठी जादा ३० दिवस. कर्ज घेतलेल्या शाखेतून किंवा कागद जिथे असतील त्या दुसऱ्या कार्यालयातून घ्यायचे, हे तुम्ही ठरवता. गोव्यातल्या बऱ्याच शाखांचे कागद राज्याबाहेरच्या साठवण केंद्रात असतात, म्हणून फोरक्लोजरच्या अर्जातच "कागद फोंडा शाखेत हवेत" असं आपल्या शाखेचं नाव घालून लिहा.

कर्ज घेताना मिळालेली दस्तऐवजांची यादी शोधून ठेवा. विक्रीखत, त्याआधीची खतं, सनद, पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, ऑक्युपन्सी दाखला, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, जुन्या घराला पोर्तुगीज काळातल्या नोंदणीचा दाखला. काऊंटरवर एकेक पान मोजून, शिक्के पाहून मगच सही करा. पोर्तुगीजमधले कागद तिथल्या कर्मचाऱ्याला वाचता येत नाहीत, दुसऱ्याच्या फायलीत गेले तर कळतही नाही.

जांभा:
बोजा काढण्याचं गोव्यापुरतं सांगतो. गहाण कोणत्या प्रकारचं ते मंजुरीपत्रात असतं. नुसतं दस्तऐवज ठेवून केलेलं तारण असेल तर कागद परत आणि नो ड्यूज (काही येणं बाकी नसल्याचा) दाखला पुरतो. नोंदणीकृत गहाणखत असेल तर त्याच तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत मुक्तीखत नोंदवावं लागतं, बँकेचा अधिकारी तिथे सहीला यायला हवा. डिचोलीत नोंदलेलं गहाण म्हापशाला सोडवता येत नाही.

मग एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा काढा, शहरी मोजणीत असाल तर त्याऐवजी फॉर्म डी. "इतर हक्क" रकान्यात बँकेचं किंवा संस्थेचं नाव असेल तर नो ड्यूज जोडून मामलेदारांकडे अर्ज करावा लागतो. हे नाव आपोआप जात नाही. सहकारी संस्थांच्या कर्जात ते हमखास सापडतं. शेवटी सब-रजिस्ट्रारकडून भाररहित दाखला काढून फायलीत ठेवा.

केंद्रीय तारण नोंदणीतही, म्हणजे सरसाईत, नोंद असते. ती बंद करणं बँकेचं काम. महिन्याने त्यांच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून मालमत्तेवर शोध घ्या. सिबिलच्या अहवालात खातं "बंद" दिसायला हवं. "सेटल्ड" लिहिलं असेल तर लगेच दुरुस्ती मागा, कारण त्याचा अर्थ पूर्ण पैसे दिले नाहीत असा होतो.

तिळारी:
कर्ज दोघांच्या नावावर असेल आणि एकजण कागद परत मिळण्याआधी गेला तर?

सुरंगी:
गोव्यात याचं उत्तर बाकी देशापेक्षा वेगळं आहे. इथे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर सामान्यतः मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक असते. एकजण गेला की अर्धा भाग हयात जोडीदाराचा आणि उरलेल्या अर्ध्याला वारस. बँकेला वारस कोण ते कागदावर हवं असतं. साध्या घरगुती प्रतिज्ञापत्रावर मूळ दस्तऐवज सहसा सोडत नाहीत. स्पेशल नोटरीसमोर, म्हणजे सब-रजिस्ट्रार कचेरीत, वारसाचा दस्त करावा लागतो. वाद असेल किंवा वाटणी हवी असेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीची कारवाई. हे गोवा उत्तराधिकार कायदा २०१२ खाली येतं, आणि तो २२ सप्टेंबर २०१६ पासून लागू आहे. मुलं दुबईला, पोर्तुगालला असतील तर मुखत्यारपत्रात वेळ जातो.

वारसांना कागद देण्याची पद्धत संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ठेवली पाहिजे, असं कागद परत देण्याच्या त्याच २०२३ च्या नियमात आहे. ती आजच वाचून छापून ठेवा. त्यासाठीच, दोघे धडधाकट असताना दोघांनी जाऊन कागद घेणं हे मी दोन टक्के व्याजाच्या फायद्याहून मोठं मानते.

खतावणी:
विम्याचं राहिलं. कर्जाबरोबर घेतलेला कर्जसुरक्षा विमा असेल तर मुदतीआधी फेडल्यावर उरलेल्या काळाचा काही हप्ता परत मिळू शकतो किंवा संरक्षण पुढे चालू ठेवता येतं. तो फोरक्लोजरबरोबर आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. आयुर्विम्याची पॉलिसी बँकेच्या नावे केली असेल तर तिच्यावर पुनर्हस्तांतराची नोंद करून घ्या. नाहीतर मृत्यूनंतरचा दावा फिटलेल्या कर्जाच्या बँकेकडे अडकतो. घराचा आगविमा बँकच भरत असेल तर कर्ज बंद झाल्यावर तो बंद पडतो. पावसाळ्याआधी स्वतःच्या नावावर नवा काढा, आणि जुन्यातलं बँकेचं कलम काढून घ्या.

मानकुराद:
तिळारीबाब, पतसंस्थेच्या कर्जरोख्यातलं मुदतपूर्व फेडीचं कलम जसंच्या तसं इथे लिहाल का? नावं गाळून. शुल्क शिल्लक मुद्दलावर आहे की भरलेल्या रकमेवर, ते शब्दांवरून कळेल. शिल्लक मुद्दलावर असेल तर हप्त्याहप्त्याने थोडं थोडं भरून शेवटी लहान रक्कम उरली की बंद करणं स्वस्त पडेल.

तिळारी:
कलम असं आहे: "मुदतीपूर्वी कर्ज पूर्ण बंद केल्यास त्या दिवशीच्या शिल्लक मुद्दलावर २ टक्के." अंशतः भरण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

मानकुराद:
मग १० लाखांवर एकदम बंद केलं तर २०,००० जातील. अंशतः भरणा स्वीकारतात का ते संस्थेकडून आधी लेखी घ्या. हो म्हणाले तर साडेनऊ लाख मुद्दलात भरून उरलेल्या ५०,००० वर एक-दोन नियमित हप्ते जाऊ द्या, मग बंद करा. शुल्क हजाराच्या आत बसेल. आणि मुक्तीखताला संस्थेचा कोण सहीला येणार, त्या माणसाचं नाव आणि तारीख त्याच पत्रात मागून घ्या.